द्विवचन

मराठीत द्विवचन नाही, ही गोष्ट आम्ही दोघेही गेली वीस-बावीस वर्षे प्रथम वर्षाच्या वर्गाला सांगत आलो आहोत. संस्कृतात ते होते, प्राकृतांत लोपले आणि मराठीने एकवचन-अनेकवचनावर भागवून घेतले, एवढे सांगायचे आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचे, अशी आमची रीत. या लोपाची हळहळ आम्हांला कधी वाटली नव्हती. ती वाटू लागली घरात दुसरा कुत्रा आल्यानंतर. एक कुत्रा फिरवायला नेणे ही एक गोष्ट आहे. चार-पाच कुत्री एकदम फिरवणारे पगारी लोक अलीकडे पुण्यात दिसतात, तीही एक गोष्ट आहे. एका माणसाने दोन कुत्र्यांना घेऊन निघणे हे या दोहोंहून अगदी निराळे. पाचांचा कळप होतो आणि कळपाला एक दिशा असते. दोघांना दोन दिशा असतात, आणि मध्ये एक मराठीचा अध्यापक असतो.

आम्ही मार्केट यार्डाला लागून राहतो. गुलटेकडीचा हा भाग म्हणजे फळे-भाजीपाल्याचा बाजार, कांदा-बटाटा, भुसार, फुले, आणि या सगळ्यांच्या फटींतून उभ्या राहिलेल्या आमच्यासारख्यांच्या इमारती. थोरला श्याम याच बाजाराचा. तेरा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कांद्याच्या फाटक्या पोत्यात कुडकुडताना तो सापडला. अंग काळेभोर आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक बदामी ठिपका. ते ठिपके पाहून आमच्यातील एकाला यमाचे कुत्रे आठवले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्यांना चार डोळ्यांचे म्हटले आहे. सरमेची पोरे ती, वाटेची राखण करणारी. पारशांच्या अंत्यविधीत ‘सगदीद’ नावाचा संस्कार आहे. त्यात कुत्र्याची दृष्टी मृतावर पडावी लागते, आणि तो कुत्राही चार डोळ्यांचा असावा असे त्यांच्या ग्रंथांत सांगितले आहे. हे जादा डोळे म्हणजे भुवयांवरचे ठिपकेच होत, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. अथर्ववेदात या जोडीची नावे श्याम आणि शबल अशी येतात. आमचा काळा होता, म्हणून श्याम.

एम. ए. मराठी झालेल्या घरात कुत्र्याच्या नावासाठी एवढा खटाटोप होणे क्षम्य मानावे. त्याचा परिणाम मात्र आम्ही धरलेला नव्हता. इमारतीतील मुलांनी पहिल्याच आठवड्यात आमच्यातील एकीला ‘श्यामची आई’ करून टाकले. साने गुरुजींच्या पुस्तकावर वर्गात गंभीरपणे बोलणाऱ्या बाईला लिफ्टमध्ये या नावाने हाक ऐकावी लागते, आणि आता ती मुले महाविद्यालयात गेली तरी नाव टिकून आहे. शबल तीन वर्षांपूर्वी आला तो खरे तर जोडी पुरी करण्याच्या मोहातून. गंगाधामच्या रस्त्यावर सापडलेले ते पिल्लू पट्ट्यापट्ट्यांचे होते, तपकिरीत काळ्या रेघा ओढल्यासारखे. शबल म्हणजे चित्रविचित्र रंगाचा, तेव्हा नाव तयारच होते. इमारतीचे रखवालदारमामा त्याला ‘सबल’ म्हणतात. त्याने दोर ओढायला सुरुवात केल्यावर आम्हीही मनातल्या मनात त्यांचा पाठ ग्राह्य धरला.

दोन माणसे आणि दोन कुत्री, हे गणित कागदावर सोपे दिसते. पण आमच्यातील एकाचे पहिले व्याख्यान सकाळी सात-वीसला असते. आणि घरात आई आहेत, वय चौऱ्याऐंशी. त्या पहाटे उठतात, वॉकरच्या आधाराने चालतात, आणि त्या वेळी घरात कोणी असणे आवश्यक असते. म्हणून फिरवण्याची पाळी दिवसाआड एकाची, आणि ज्याची पाळी त्याच्या हाती दोन्ही दोर. या लेखात आम्ही ‘आम्ही’ म्हणत असलो तरी रस्त्यावर पहाटे पाचला आमच्यातील एकच जण असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता दोन दोरांविषयी. एका हातात एक असे धरले की दोन्ही हात गुंततात. मग खिशातली पिशवी काढायची कशाने? दोन्ही एका हातात धरले तर शंभर पावलांत त्यांची वेणी होते. वेणी सोडवायची तर थांबावे लागते, आणि थांबले की शबलला वाटते आपण मागच्या बाजूने एक फेरी मारून यावे, म्हणजे वेणीत आमचे पायही येतात. श्यामला नैसर्गिक विधीसाठी शांतता लागते. तो जागा निवडतो, ती अमान्य करतो, गोल फिरतो, पुन्हा पहिल्याच जागी येतो. तो अखेर बसतो तेव्हा शबलला नेमके मांजर दिसते. खाली वाकून पिशवीने ते उचलत असताना दुसऱ्या हाताला वीस किलोचा हिसका बसणे, हा अनुभव ज्यांनी घेतला नाही त्यांना आमच्या चेहऱ्यावरील पहाटेच्या गांभीर्याचा अर्थ कळणार नाही. समोरून येणारे सद्गृहस्थ ‘वा, दोन-दोन!’ म्हणतात. आम्ही हसतो.

दोघांच्या वाचण्याच्या पद्धतीही भिन्न. कुत्र्याचे फिरणे म्हणजे बव्हंशी वाचणेच असते. खांब, टपरीचा कोपरा, टेम्पोचे मागचे चाक, या सगळ्यांवर रात्रीतून कोणी काय लिहून गेले ते त्याला पाहायचे असते. श्याम पोथी लावणाऱ्या जुन्या संशोधकासारखा वाचतो. एका खांबाला तीन मिनिटे, मग दोन पावले पुढे, मग काही शंका येऊन मागे. शबल परीक्षेच्या आदल्या रात्री मार्गदर्शक चाळणाऱ्या विद्यार्थ्यासारखा, पानावर नाक ठेवले न ठेवले तोच पुढचे पान. वर्गात या दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना एकाच गतीने शिकवताना आमची तारांबळ होतेच. पण तेथे निदान ते दोराने आम्हांला बांधलेले नसतात.

आणि त्यात हा बाजार. पहाटे पाचला बाकीचे पुणे झोपेत असते तेव्हा येथे भर दुपार असते. रात्रीतून आलेल्या गाड्या उतरत असतात, आडत्यांच्या गाळ्यांपुढे ढीग लागतात, मापाडी-तोलणारांची घाई चालते, हातगाड्या उतारावरून येतात त्या थांबण्यासाठी नव्हे. आत जाण्याचे धाडस आम्ही बाजाराच्या दिवशी करत नाही. पण बाहेरचा रस्ताही बाजारच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे सांडलेली असतात, आणि द्राक्ष कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला विष आहे. कांदा तर बारमाही, आणि तोही त्यांच्या रक्ताला घातक. म्हणजे एका डोळ्याने जमीन आणि दुसऱ्याने हातगाड्या पाहायच्या. आंब्याच्या दिवसांत पेट्यांतला पेंढा रस्त्यावर पसरलेला असतो. शबल त्यात लोळतो आणि घरी येईपर्यंत कोकणातून आल्यासारखा दिसतो. भुसार विभागामागच्या रस्त्याने गेले की लाल मिरचीचा ठसका. तेथे श्याम एकदम थांबे, पाय रोवून उभा राही. शिंकतो आहे, म्हातारपण आहे, असे म्हणून आम्ही त्याला ओढत नेत असू. या वाक्याकडे आम्हांला पुढे परत यावे लागेल.

बाजारातली कुत्री हा वेगळाच अध्याय. प्रत्येक फाटकाची टोळी निराळी, त्यांच्या हद्दी आमच्या प्रभागांच्या हद्दींहून स्पष्ट. बहुतेकांचा एक कान टोकाला कापलेला, नसबंदी झाल्याची ती खूण. मोकळी दोन कुत्री एकमेकांना भेटतात तेव्हा समोरासमोर येत नाहीत. जराशी वळण घेऊन, कुशीकडून येतात. तीच त्यांची सभ्यता. दोराला बांधलेल्या कुत्र्याला हे वळण घेता येत नाही. आम्ही त्याला नाकासमोर नेतो आणि मग तो गुरगुरला की त्याच्या स्वभावाला दोष देतो. एका कुत्र्यासह असताना आम्हांला निदान रस्ता ओलांडून वळण घेता येई. दोघांसह ते वळण घेईपर्यंत आतला कुत्रा बाहेरचा होतो, बाहेरचा आतला, आणि वेणी.

२०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतून भटकी कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. तेव्हापासून रस्त्यात आम्हांला अडवून मत विचारणाऱ्यांची संख्या वाढली. ज्याच्या दोन्ही हातांना दोन कुत्री त्याचे या विषयावर मत असणारच, अशी समजूत. महाविद्यालयातही प्राध्यापक-कक्षात तोच विषय. चावलेल्या मुलाच्या आईची बाजू आम्हांला कळते, आणि व्हरांड्यात नऊ वर्षे झोपणाऱ्या कुत्रीचीही. दोन दोर धरून रस्त्यात उभे राहून यावर बोलता येत नाही, हे आम्ही लवकर शिकलो. श्याम आणि शबल त्याच वंशाचे आहेत, फरक गळ्यातल्या पट्ट्याचा, एवढे मात्र प्रत्येक वेळी मनात येते.

या बाबतीत साहित्याने आम्हांला काही मदत केली नाही, ही आमची जुनी तक्रार आहे. पु. लं.च्या ‘पाळीव प्राणी’त आमचे शेजारी सापडतात, आमचा प्रश्न सापडत नाही. युधिष्ठिराबरोबर शेवटच्या वाटेवर एकच कुत्रा होता, आणि तोही स्वतःहून मागे येत होता. दोन असते तर महाप्रस्थानाला किती दिवस लागले असते, हा विचार आमच्या मनात पाळीच्या दिवशी हटकून येतो. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले. तेथेही कुत्रा एकच आणि मोकळा. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, त्यांना चार वेद म्हणतात, पण एकाच्याही गळ्यात दोर नाही. अरुण कोलटकरांनी ‘काळा घोडा’च्या इंग्रजी कवितांत, २००४ साली, मुंबईच्या रस्त्यातल्या बेटावर एका भटक्या कुत्र्याला बसवले आणि त्याच्या अंगावर मुंबईचा नकाशा पाहिला. ते कुत्रे पहाटे निवांत बसलेले आहे. बसलेल्या कुत्र्यावर कविता होते. दोन चालत्या कुत्र्यांवर बहुधा होत नाही.

उपयोगी पडणारे एकच वाक्य आम्हांला मिळाले, ते हमालकाकांकडून. हमाल पंचायतीने १९७४ मध्ये सुरू केलेले ‘कष्टाची भाकर’ येथे बाजारात आहे. त्याच्या आसपास पहाटे माणसे चहा घेत उभी असतात. त्यांतले हे एक काका, वय साठीच्या पुढे. शंभर किलोची पोती पाठीवर घेतलेली पिढी त्यांची. ओझे पुढे पन्नासवर आले ते हमालांच्या लढ्यामुळे. एके दिवशी आमची वेणी सुटेपर्यंत ते शांतपणे पाहत राहिले. मग म्हणाले, “मास्तर, दोर हाताला गुंडाळू नगा. वढ बसली की हात जातो. मुठीत धरा. सोडायची येळ आली तर सोडता आला पायजे.” आम्ही त्यांचे आभार मानले आणि दोर मनगटालाच गुंडाळत राहिलो. बाजारात वाहने असतात, कुत्रा सुटला तर, असा आमचा युक्तिवाद. तो चुकीचा होता असेही नाही.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. बाजारात भोगीच्या भाज्या भरून आलेल्या. गाजरे, पावटा, हरभऱ्याच्या पेंढ्या, रस्त्यापर्यंत ढीग. एक रिकामी हातगाडी मागून आली, रिकामी म्हणून खडखडत, आणि श्याम एकदम डावीकडे, नालीच्या बाजूला उडाला. त्याच क्षणी शबल उजवीकडे, पुढे. दोन्ही दोर एकाच मनगटाला. आमच्यातील एक जण गाजरांच्या ढिगाशेजारी पडला आणि मनगटाचे हाड मोडले. कोणाचे, ते येथे लिहीत नाही. चूक कोणाची यावर घरात अद्याप एकमत नाही आणि नाव लिहिल्यास निकाल लागल्यासारखे होईल. गाजरेवाल्या मावशींनी श्यामचा दोर पकडला, शबलला हमालकाकांनी आणले. ते काही बोलले नाहीत, हे आम्हांला अधिक लागले.

सहा आठवडे प्लॅस्टर. दोन पाळ्यांची एक पाळी झाली, आणि मग आरोप ठरवणे ओघानेच आले. आरोपी शबल. तरुण, उतावळा, ओढणारा. श्याम बिचारा वयस्क, त्याला या पोराची ओढ सोसवत नाही, असे आमचे ठरले. तसे ठरवायला पुरावाही होता. गेले वर्षभर श्याम चालताना शबलला खेटून चालत असे, इतका की दोन दोर एकमेकांत अडकल्याशिवाय राहत नसत. शबल त्याला रेटतो, वाट देत नाही, असा आम्ही त्याचा अर्थ लावला होता. आम्ही शबलला रागावत असू. आपण एखाद्या कवितेचा अर्थ एकदा वर्गात सांगून बसलो की पुढच्या वर्षीही तोच सांगतो, तसे हे चालले होते.

निवाडा आईंनी दिला. चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, “त्या पोराला आधी दमवून आणा, आणि मग म्हाताऱ्याला वेगळं न्या. मला बाहेर न्यायचं झालं तर कोणाला बांधून न्याल का माझ्याबरोबर?” यावर उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून दोन फेऱ्या सुरू झाल्या, आधी शबल, मग श्याम.

पहिली अडचण सर्वनामाची आली. मराठीला द्विवचन नसले तरी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचे तर पहिले, आत घ्यायचे तर दुसरे. इंग्रजीला हे जमत नाही, असे आम्ही वर्गात जरा अभिमानाने सांगतो. फिरायला निघताना आम्ही नेहमी म्हणत असू, “चला, आपण जाऊ या.” आता ते वाक्य एकाला उद्देशून म्हणायचे आणि दुसरा तेथेच उभा, कान टवकारून. त्या ‘आपण’मध्ये तो आहे की नाही, हे त्याला कोण समजावणार? शबल गेला की श्याम दाराशी बसून राही. श्यामला नेले की शबल आतून दार खरवडी, आणि आईंचा वॉकर दारापर्यंत येऊन त्या त्याची समजूत घालत.

हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते श्यामचे वागणे. इमारतीच्या फाटकापर्यंत तो नीट येई, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकले की थांबे. बोलावले, गोंजारले, खाऊ दाखवला, तरी चार पावले चालून पुन्हा उभा. डोके किंचित खाली, एक पुढचा पाय उचललेला. आम्ही म्हणालो, सोबत्याची आठवण येते. दुसऱ्या आठवड्यात तो उभ्या टेम्पोच्या चाकावर जाऊन आदळला. हळूच आदळला, आणि आदळल्यावर त्याने ते चाक हुंगले, जणू तो त्याचसाठी तेथे गेला होता.

पशुवैद्यांनी त्याला टेबलावर उभे केले आणि त्याच्या डोळ्यांसमोर कापसाचा बोळा सोडला. कापसाला आवाज नसतो, फारसा वासही नसतो. पाहणारा कुत्रा पडत्या बोळ्याबरोबर मान खाली नेतो. श्यामची मान हलली नाही. डॉक्टरांनी दुसरा बोळा सोडला, डाव्या बाजूने. तोही खाली पडला. आम्ही दोघे त्या दिवशी बरोबर गेलो होतो, आणि आमची दोघांचीही मान दोन्ही वेळा खाली गेली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याने काहीच नाही, डाव्याने उजेड-अंधार तेवढा. वर्ष-दीड वर्ष तरी झाले असावे, असे ते म्हणाले. शस्त्रक्रिया होते, पण या वयात आणि त्याच्या हृदयाची स्थिती पाहता भूल देण्याचा सल्ला त्यांनी दिला नाही. घरात काही हलवू नका, म्हणाले. घरात आम्ही काही हलवत नाहीच. पुस्तकांची कपाटे हलणारी नसतात. म्हणूनच तर आम्हांला कळले नव्हते.

ती संध्याकाळ आम्ही मागचे वर्ष पुन्हा वाचण्यात घालवली. शनिवारी फळे-भाजीपाला विभाग बंद असतो, तेव्हा ओळखीच्या रखवालदाराला सांगून आम्ही कधीकधी आत फिरत असू. शनिवारी श्याम खुशीत चाले, दोर सैल. आम्हांला वाटे, त्याला शांतता आवडते. खरे तर त्या दिवशी वाटेत काही नवे ठेवलेले नसे. बाजाराच्या दिवशी काल जेथे मोकळे होते तेथे आज पोती असतात, उद्या गाडी. रोज बदलणाऱ्या त्या रस्त्यावर त्याच्यापाशी दोनच साधने होती. एक नाक; ते मिरचीच्या गाळ्यांपाशी निकामी होई, आणि तेथेच तो पाय रोवून उभा राही, जेथून आम्ही त्याला ओढून नेत असू. दुसरे साधन शबलची कूस. शबल त्याला रेटत नव्हता. श्यामच त्याला खांदा लावून चालत होता. शबल वळला की हा वळे, तो थांबला की हा थांबे. आम्ही दिवसातून चार वेळा थांबून जी वेणी चिडून सोडवत होतो, ती वेणी नव्हती. आणि त्या दिवशी हातगाडीच्या खडखडाटाला भिऊन शबल पुढे उडाला, त्यामुळे खांदा सुटला, आणि श्याम दिसेल त्या दिशेला नव्हे, न दिसेल त्या दिशेला गेला.

शबलला हे ठाऊक होते का, असा प्रश्न आम्हांला विद्यार्थ्यांनीही विचारला. आम्हांला वाटते, ठाऊक नसावे. त्याला एक म्हातारा अंगाला खेटतो एवढेच ठाऊक असेल, आणि त्याने ते चालवून घेतले. वर्षभर त्याच्या वाट्याला आमचे रागावणे आले, तेही त्याने चालवून घेतले. तीन वर्षांच्या कुत्र्याकडून याहून अधिक समजूतदारपणाची अपेक्षा कशी करावी? नाव ठेवताना आम्ही अथर्ववेद उघडला होता. वाटेची राखण करणारी ती जोडी आहे, हे त्या वेळी आम्हीच एकमेकांना वाचून दाखवले होते. आणि चार डोळ्यांच्या कुत्र्याला दिसत नाही, हे मात्र कापसाच्या बोळ्याने सांगेपर्यंत कळले नाही. दोघेही पाठ्यपुस्तक मंडळांवर बसणारी माणसे आम्ही. असो.

दोन फेऱ्या बंद केल्या. आईंचा निवाडा अर्धा राखला. शबलला आधी वाहनतळाच्या मोकळ्या जागेत पंधरा मिनिटे चेंडूमागे पळवतो, म्हणजे तो थोडा म्हातारा होतो. मग दोघे बरोबर. दोघांच्या पट्ट्यांना जोडणारा वीतभर लांबीचा एक तुकडा चर्मकाराकडून शिवून घेतला, आणि त्यातून निघणारा एकच दोर. तो मुठीत धरतो. मनगटाला गुंडाळत नाही. फेरी निम्मी झाली आणि वेळ दुप्पट. सात-वीसच्या व्याख्यानाला आमच्यातील एक जण दोनदा उशिरा पोचला आणि वर्गाला त्याचे कारण सांगून बसला, तेव्हापासून विद्यार्थी हजेरीच्या आधी श्यामची चौकशी करतात. मिरचीच्या गाळ्यांचा रस्ता वर्ज्य केला. फुलांच्या बाजाराच्या बाजूनेही आता जपूनच. निशिगंधाच्या दिवसांत तेथेही श्यामचे नाक भांबावते, मात्र तेथे तो शबलला टेकून उभा राहतो आणि शबल, नवल म्हणजे, उभा राहू देतो.

घुंगरू लावण्याची सूचना आईंची. रविवार पेठेतून बैलाच्या साजातले एक पितळी घुंगरू आणून शबलच्या पट्ट्याला बांधले, म्हणजे खांदा सुटला तरी आवाज सुटू नये. पहिल्या दिवशी हमालकाकांनी चहाचा पेला हातात धरून जोडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “जुपली म्हणायची बैलं,” ते म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी जोडाचा तुकडा दोन बोटांनी ओढून पाहिला, आमची मूठ पाहिली आणि मान हलवली.

एक गैरसोय मात्र झाली आहे. शबलला रात्री अंग खाजवण्याची सवय आहे. तीनच्या सुमारास तो मागच्या पायाने मान खाजवतो आणि घुंगरू खणखणते. श्याम लगेच उठतो, कपाट, खुर्ची, आईंचा वॉकर यांना बरोबर वळसा घालून दाराशी जातो आणि शेपटी हलवत उभा राहतो. त्याला उजेडाचा पत्ता नसल्याने अजून रात्र आहे हे पटवून देता येत नाही. खाली बाजारात पहिल्या गाड्या आलेल्या असतात, त्यांचे फाळके पडल्याचे आवाज येत असतात. शबल पुन्हा झोपतो. मग आमच्यातील एक जण उठतो. कोणी उठायचे, यावर अद्याप एकमत नाही.